नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी: फ्रेम रेट कसा मोजावा, कसा सुधारावा

‘गेम लॅग मारतोय’ ही एकच तक्रार आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या दुखण्यांसाठी केली जाते, आणि नवख्या खेळाडूचे पैसे चुकीच्या ठिकाणी जायला बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते. माउस फिरवल्यावर दृश्य झरझर फिरते, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून अचानक दुसऱ्या जागी उगवतो किंवा नेम धरून झाडलेली गोळी लागत नाही, तेव्हा दुखणे सहसा इंटरनेटचे असते. त्याचे माप पिंग, म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि ग्राफिक्स कार्ड बदलून ते बरे होत नाही. माउस फिरवताच सगळे दृश्यच ठेचकाळत असेल, तर मात्र दुखणे संगणकाच्या आतले आहे. खात्री करायची असेल तर इंटरनेट बंद करून एकट्याने खेळायचा एखादा गेम लावून पाहावा. तिथेही अडखळणे कायम राहिले, तर पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे.

फ्रेम रेट आणि फ्रेम टाइम

गेम चालू असताना संगणक एकामागून एक पूर्ण चित्रे काढत असतो. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका सेकंदात जितकी चित्रे तयार होतात ती संख्या म्हणजे फ्रेम रेट, अर्थात एफपीएस. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण निदानासाठी त्याहून उपयोगी पडतो तो एक फ्रेम काढायला लागलेला वेळ, म्हणजेच फ्रेम टाइम. ३० एफपीएसला एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७, १२० ला ८.३, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की कळते की ४० वरून ६० एफपीएसवर जाताना प्रत्येक फ्रेममागे जितका वेळ वाचतो, नेमका तितकाच, म्हणजे ८.३ मिलिसेकंद, ६० वरून १२० वर जाताना वाचतो. १४४ वरून २४० वर गेल्यास जेमतेम २.८ मिलिसेकंद वाचतात. ज्याचा गेम चाळिशीत रेंगाळतो आहे त्याने आधी स्थिर ६० गाठावेत. तिथे थोड्या प्रयत्नात मोठा फरक जाणवतो.

‘स्थिर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि उरलेल्या एकीला ११५ मिलिसेकंद लागले. एकूण फ्रेम ६०, एकूण वेळ बरोबर एक सेकंद, त्यामुळे कोपऱ्यातला आकडा निर्धास्तपणे ६० दाखवील. डोळ्यांना मात्र तो ११५ मिलिसेकंदांचा झटका स्पष्ट जाणवेल, आणि खेळणारा म्हणेल की साठ दिसतात तरी गेम अडकतो. सरासरीने झाकलेली ही गोष्ट ‘टेक रिपोर्ट’ या संगणक-चाचण्यांच्या संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजून पुढे आणली, आणि तेव्हापासून चाचण्यांमध्ये सरासरीच्या जोडीने ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा देण्याची पद्धत रुजत गेली. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कोणत्या वेगाने निघाल्या, हे त्यावरून कळते. सरासरी ९० आणि वन पर्सेंट लो ७० असलेला गेम, सरासरी ११० आणि लो ३५ असलेल्या गेमपेक्षा खेळायला कितीतरी सुखद असतो. हा आकडा काढण्याची रीत प्रत्येक साधनात थोडी निराळी असते, म्हणून तुलना नेहमी एकाच साधनाच्या आकड्यांची करावी.

मोजण्याआधी टेबलाखाली पाहावे

जळगावचा माझा भाचा नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याच्या बेतात होता. संगणक सहा महिन्यांचा, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, आणि तक्रार अशी की जरा मोठा गेम लावला की पंचविशी ओलांडत नाही. ताईने बाजूला ठेवलेले पैसे त्यात जाणार होते, म्हणून मी आधी टेबलाखाली वाकून मागची बाजू पाहिली. मॉनिटरची एचडीएमआय केबल वरच्या भागात, यूएसबीच्या खाचांशेजारी, थेट मदरबोर्डला लावलेली होती. त्याखाली आडव्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या चारही पोर्टवर कंपनीतून आलेली काळी टोपणे जशीच्या तशी होती. सहा महिने पोरगा प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेल्या दुबळ्या ग्राफिक्सवर खेळत होता आणि विकत घेतलेले कार्ड नुसते बसून होते. संगणक जोडून देणाऱ्याने हे पाहायला हवे होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पहिली पायरी ही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टलाच लावलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट तपासावा. मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा चित्र बदलू शकतो तो त्याचा रिफ्रेश रेट, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोजने तो ६० वरच ठेवलेला असणे हे वरचेवर आढळते. मॉनिटर ६० वर असेल तर गेमने २०० फ्रेम काढल्या तरी पडदा सेकंदाला साठ वेळाच बदलतो.

तिसरी तपासणी रॅमची. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडले की किती खाचा भरलेल्या आहेत आणि रॅमचा वेग किती आहे ते दिसते. सोळा जीबीची एकच स्टिक असण्यापेक्षा आठ-आठच्या दोन असणे चांगले, कारण दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला माहिती पोचवण्याचा रस्ता दुपदरी होतो. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर याचा फार मोठा फायदा होतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात, तरी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्यावी. ३२०० वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, तर बायोसमधले, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधले, एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार मांडणी) चालू करायचे राहून गेलेले असते. एएमडीच्या डीडीआर५ मदरबोर्डवर अशाच सोयीला एक्स्पो म्हणतात. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

मोजण्याची रीत

मोजण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर हे साधन मला सर्वांत सोयीचे वाटते. ते दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालते; मात्र त्याच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघालेली असल्याने ते एमएसआयच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. पडद्यावर एफपीएस, फ्रेम टाइमचा आलेख, ग्राफिक्स कार्डाचा वापर, त्याचे तापमान आणि क्लॉक (म्हणजे कामाची गती), त्याची भरलेली मेमरी, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाच्या एकेका रांगेचा, वेगवेगळा वापर इतक्या गोष्टी दिसतील अशी मांडणी करावी. फ्रेम टाइम आकड्यात न पाहता आलेखातच पाहावा. सपाट रेघ म्हणजे गेम सुरळीत, आणि मध्येच उभी राहिलेली सुई म्हणजे हाताला जाणवलेला झटका.

चाचणी दर वेळी एकाच दृश्यावर घ्यावी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’, ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’, ‘फोर्झा होरायझन ५’ आणि ‘सायबरपंक २०७७’ यांत चाचणीची सोय गेममध्येच दिलेली आहे. ती नसेल तर गेममधला एखादा गजबजलेला रस्ता ठरवून त्यावरून दर वेळी त्याच वाटेने एक मिनिट जावे. पहिली फेरी धरू नये, कारण त्या फेरीत डिस्कवरून बरेच काही पहिल्यांदाच उचलले जात असते; पुढच्या तीन फेऱ्यांचे आकडे वहीत लिहावेत. एका वेळी एकच सेटिंग बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून वीस फ्रेम वाढल्या, तर कशामुळे वाढल्या ते कधीच कळत नाही.

तवा रिकामा की पोळपाट

आकडे हाती आले की प्रश्न उरतो तो कोण कमी पडते आहे हा. प्रत्येक फ्रेम दोन हातांखालून जाते. पात्रे कुठे आहेत, कोण कुणाला धडकले, काय काय रंगवायचे आहे, हे प्रोसेसर ठरवतो; ते प्रत्यक्ष रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. घरात एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसे हे आहे. लाटणारी मागे पडली तर तवा रिकामा तापत राहतो, आणि अशा वेळी आणखी मोठा तवा आणून एकही पोळी जास्त होत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल, तर ते आपल्या पूर्ण ताकदीने चालले आहे आणि वेग त्याच्यामुळेच मर्यादित आहे. वापर साठ-सत्तर टक्क्यांवर थांबलेला असेल, तर आधी कुठे मर्यादा घातलेली नाही ना ते पाहावे. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम रेट मॉनिटरच्या रिफ्रेश रेटशी बांधून ठेवणारी सोय, चालू असेल किंवा गेमनेच बंधन घातले असेल, तर कार्ड शिल्लक राहणारच. ‘एल्डन रिंग’ हा गेम ६० एफपीएसच्या पुढे जातच नाही. तशी मर्यादा नसेल, तर प्रोसेसर मागे पडतो आहे असे समजावे. इथे नवखे लोक प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के पाहून त्याला निर्दोष ठरवतात. बारा थ्रेडच्या प्रोसेसरचा एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो, आणि बऱ्याच गेममध्ये मुख्य काम एका-दोन थ्रेडवरच अडलेले असते. म्हणूनच प्रत्येक थ्रेड वेगळा पाहायचा.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात, प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. एफपीएस उसळले तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते, आणि जिथल्या तिथे राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम. ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारख्या स्पर्धेच्या खेळांत, विशेषतः सेटिंग्ज खाली ठेवून खेळताना, बहुधा प्रोसेसरच आधी थकतो. मोठ्या देखण्या गेममध्ये सहसा ग्राफिक्स कार्ड थकते.

कोणती सेटिंग कशावर भार टाकते

‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’, ‘अल्ट्रा’ ही तयार पाकिटे सुरुवातीला ठीक असली, तरी आतल्या सेटिंग्जचे वजन सारखे नसते. सर्वांत मोठे वजन रिझोल्यूशनचे. १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८०) मध्ये सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, आणि ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. त्याखालोखाल रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली रंगवण्याची पद्धत), सावल्या, धुके आणि प्रकाशाचे झोत, पाण्यातली प्रतिबिंबे यांचा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ मधली गवताची सेटिंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. शहरात फिरताना ती अल्ट्रावर असो वा हायवर, काही कळत नाही; पण उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर गेले की तीच एक सेटिंग एफपीएस धाडकन खाली आणते. अशा गेमची चाचणी नुसत्या शहरात घेऊन भागत नाही. त्याच गेममधली एमएसएए ही दातेरी कडा गुळगुळीत करणारी सेटिंगही फार महाग पडते आणि ती सोडून दिल्यास फारसे काही बिघडत नाही.

दूरवरच्या वस्तू किती दिसाव्यात आणि रस्त्यावर गर्दी किती असावी या सेटिंग्ज प्रोसेसरवर मोठा भार टाकतात. प्रोसेसर कमी पडत असताना सावल्या कमी करत बसण्यात अर्थ नसतो. गर्दी कमी करावी.

टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या पृष्ठभागांची चित्रे, यांचा हिशेब अगदी वेगळा आहे. ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, जागा आहे तोवर टेक्श्चर उंचावर ठेवले तरी वेग जवळजवळ घटत नाही. जागा संपली की मात्र परिस्थिती एकदम बिघडते. आरटीएक्स ४०६० या ८ जीबीच्या कार्डाची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचली जाते. तीच माहिती मदरबोर्डवरच्या रॅममधून आणायची झाल्यास वाटेतला पीसीआय एक्सप्रेसचा मार्ग सेकंदाला सुमारे १६ जीबीच देतो. सतरा पटींची ही घसरण आलेखात सुयांच्या रूपाने दिसते. व्हीरॅम काठोकाठ भरलेली असताना झटके बसत असतील, तर टेक्श्चर एक पायरी खाली आणणे हाच पहिला उपाय. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र बिनधास्त १६ एक्सवर ठेवावे. ग्राफिक्स कार्ड अगदीच जुने नसेल तर त्याचा भार नगण्य असतो, आणि लांबवर जाणारे रस्ते, फरश्या स्वच्छ दिसतात.

अपस्केलिंग आणि वाढीव फ्रेम

एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तिन्ही तंत्रे चित्र कमी ठिपक्यांत काढून मग मोठे करतात. ४के पडद्यावर ‘क्वालिटी’ निवडले की चित्र आत १४४०पी मध्ये काढले जाते, ‘परफॉर्मन्स’ निवडले की १०८०पी मध्ये. म्हणून मोठ्या पडद्यावर ही तंत्रे सुरेख काम करतात. १०८०पी पडद्यावर मात्र ‘क्वालिटी’लासुद्धा हाती ७२०पी एवढेच मूळ चित्र असते, आणि केस, तारा, जाळ्या यांच्या कडा थरथरताना दिसू शकतात. तिथे ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे.

फ्रेम जनरेशन ही गोष्ट वेगळी. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये संगणक एखादी अंदाजाने रचलेली फ्रेम घालतो. आकडा वाढतो, दृश्य मऊ वाटते, पण आपण कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यामुळे कमी होत नाही, किंचित वाढतोच, कारण मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी तयार व्हावी लागते. मुळात ६० च्या आसपास खऱ्या फ्रेम मिळत असतील तर ती जरूर वापरावी. ३० वरून ६० ‘करण्यासाठी’ वापरली तर हाताला जडपणा जाणवतो.

फाटलेले चित्र

पडद्याच्या मध्यावर आडवी चीर पडून वरचे आणि खालचे चित्र सरकलेले दिसत असेल, तर त्याला टेअरिंग म्हणतात. मॉनिटर चित्र बदलत असतानाच नवी फ्रेम येऊन आदळल्याने ते होते. व्ही-सिंकने ते थांबते, पण कळ दाबल्यावरचा विलंब वाढतो. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर फ्रेम येईल तसा आपला वेग जुळवून घेतो, आणि आज मॉनिटर घेताना ही सोय नसलेला घेऊ नये. ती मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंग्जमध्ये अशी दोन्हीकडे चालू करावी लागते, आणि फ्रेम रेटवर मॉनिटरच्या मर्यादेपेक्षा तीन-चार फ्रेम कमी अशी मर्यादा घालावी लागते, म्हणजे १४४ हर्ट्झसाठी १४० किंवा १४१.

उन्हाळा, लॅपटॉप आणि उरलेले झटके

मे महिन्यात जळगाव, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की संगणकाच्या आतले तापमानही जवळपास तितकेच चढते, आणि ठरावीक मर्यादेला पोचल्यावर ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला क्लॉक खाली आणतात. पहिली दहा मिनिटे गेम सुरेख चालतो आणि मग हळूहळू मंदावतो, असे होत असेल तर अर्ध्या तासाच्या अंतराने तापमान आणि क्लॉक दोन्ही लिहून पाहावेत. तापमान चढत गेले आणि क्लॉक उतरत गेला, तर जाळीतली धूळ काढावी; ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे.

लॅपटॉपवर खेळताना चार्जर लावलेलाच असावा, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज मिळतच नाही. खरेदीच्या वेळी कार्डाच्या नावाबरोबर त्याचे वॅटही विचारावेत. लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत दिले जाते, आणि पेटीवर नाव तेच असले तरी त्या दोघांच्या वेगात मोठे अंतर पडते.

कार्ड, प्रोसेसर, तापमान सगळे ठीक असूनही एखादा नवा स्फोट किंवा नवी जागा पहिल्यांदा दिसतानाच झटका बसत असेल, तर तो शेडरचा असतो. दृश्य रंगवण्याच्या या छोट्या आज्ञावल्या आपल्या कार्डाच्या भाषेत पहिल्या वापराच्या वेळी उतरवल्या जातात. दुसऱ्यांदा तीच जागा सुरळीत जाते, आणि ड्रायव्हर बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. गेम सुरू होताना शेडर तयार होत असल्याची पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्यावी. गेम हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवावा, आणि रॅम आठच जीबी असेल तर ब्राउझर बंद करून खेळावे.

इतके सगळे करूनही कार्डाचा वापर ९९ टक्क्यांवर असेल आणि हवा तो वेग मिळत नसेल, तेव्हाच नव्या कार्डाकडे वळावे. वळण्याआधी पॉवर सप्लायचे वॅट, त्याला असलेल्या जोडण्या आणि कॅबिनेटमधली लांबी मोजून घ्यावी. जुने कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास गेम चालवून तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भाच्याने शेवटी कार्ड घेतलेच नाही. केबल खालच्या पोर्टला गेली, मॉनिटर १४४ वर आला, दुसऱ्या रिकाम्या खाचेत पहिल्यासारखीच आठ जीबीची एक स्टिक बसली, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात तीन फेऱ्यांचे आकडे आहेत.